पोलिसावरची गोळी आणि दोन राज्यांचे कागद

समजा, बाचीच्या नाक्यावर कर्नाटकचा एक पोलीस उभा आहे. शिनोळीच्या बाजूनं, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीतून, कुणी गोळी झाडली आणि ती त्याच्या मांडीत घुसली. झाडणारा चंदगड तालुक्यात, पडणारा बेळगाव तालुक्यात. गुन्हा कुठल्या ठाण्याचा?

पारावर हा प्रश्न टाकला की दोन तट पडतात. एक म्हणतो, जिथून सुटली तिथला. दुसरा म्हणतो, जिथं लागली तिथला. गंमत अशी की दोघांचंही बरोबर आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९९ सांगतं, की कृती एकीकडे झाली आणि तिचा परिणाम दुसरीकडे झाला, तर दोन्हीकडच्या कोर्टांना तो खटला चालवता येतो. चालतो मात्र एकीकडेच, कारण एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा देता येत नाही. व्यवहारात तपास बहुधा जखमी पोलिसाच्या ठाण्याकडे राहतो, कारण फिर्यादी तिथला, जखमेचे कागद तिथले आणि भोक पडलेली जीपही तिथलीच.

हद्द ठरेपर्यंत फिर्याद अडवून ठेवायची नसते. ‘ही आमची हद्द नव्हे, चंदगडला जावा’ हे उत्तर आता कायद्यात बसत नाही. कलम १७३ प्रमाणे समोर येईल त्या ठाण्यानं गुन्हा लिहून घ्यायचा आणि मग ज्याची हद्द त्याच्याकडे पाठवायचा. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ही पद्धत आधीही होती, पण १ जुलै २०२४ पासून ती कायद्यातच लिहिली गेली. ११२ ला फोन करणाऱ्यानंही एक ध्यानात ठेवावं. हद्दीवरच्या गावांत मोबाइल कधी पलीकडच्या राज्याचा टॉवर धरतो आणि फोन तिकडच्या कंट्रोल रूमला लागू शकतो. म्हणून आधी राज्य, तालुका आणि गावाचं नाव सांगायचं, घटना नंतर. ‘नाक्याजवळ’ म्हटलं तर कुठला नाका हे पलीकडच्या माणसाला कळणार नाही.

पोलिसावर गोळी झाडून सीमा ओलांडली की सुटलो, हा समज जुना आणि चुकीचा आहे. अशा खटल्यातला आरोपी सुटतो तो हरवलेल्या पुंगळीमुळं (काडतुसाचं बार झाल्यावर उरलेलं रिकामं टोपण), भलत्या भाषेत लिहिलेल्या जबाबामुळं किंवा मागायची राहून गेलेल्या मंजुरीमुळं.

झाडणाऱ्याच्या दोन तऱ्हा

पळून जाण्यासाठी झाडणारा एका जातीचा. नाकाबंदीत अडकला, गाडी उलटी फिरवली, पाठलाग झाला आणि त्यानं मागं वळून दोन गोळ्या सोडल्या. दुसरा दबा धरून बसतो. त्याला पोलीसच हवा असतो. अमेरिकेत डॅलस शहरात ७ जुलै २०१६ च्या रात्री घडलं ते दुसऱ्या जातीचं होतं. मोर्चाच्या बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसांना एका बंदूकधाऱ्यानं वेचून लक्ष्य केलं आणि पाच अधिकारी मारले. इमारतीत दडून बसलेल्या त्या माणसाला शेवटी पोलिसांनी यंत्रमानवावर स्फोटकं लादून मारलं.

आपल्याकडचं उदाहरण कानपूरजवळच्या बिकरू गावचं. २ जुलै २०२० च्या मध्यरात्री गुंड विकास दुबेला पकडायला गेलेल्या पथकाच्या वाटेत जेसीबी आडवा लावलेला होता. पोलीस खाली उतरले आणि घरांच्या छतांवरून गोळीबार सुरू झाला. डीएसपी देवेंद्र मिश्रा यांच्यासह आठ पोलीस मारले गेले. पथक निघाल्याची खबर ठाण्यातूनच फुटल्याचा आरोप झाला आणि त्याबद्दल पोलिसांनाही अटक झाली.

हा फरक नुसता बातमीपुरता नाही. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा सिद्ध करायला मारण्याचा इरादा, किंवा जीव जाऊ शकतो याची जाणीव, दाखवावी लागते. दबा धरणाऱ्याचा इरादा त्याच्या तयारीतच दिसतो: आडवी लावलेली गाडी, छतावर नेलेली काडतुसं, आधी केलेले फोन. पळणाऱ्याचा वकील मात्र हमखास सांगतो, ‘भीतीनं हवेत झाडली, कुणाला मारायचं नव्हतं.’ मग सरकार पक्षाला गोळी छातीच्या उंचीनं आली होती हे दाखवावं लागतं. जीपच्या काचेवर, दाराच्या पत्र्यावर किंवा मागच्या झाडाच्या खोडात तिची खूण सापडली नाही, तर ‘हवेत’ हे उत्तर तगतं.

कलमं कुठली, शिक्षा किती

मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०३, फाशी किंवा जन्मठेप. पोलीस वाचला तर कलम १०९, दहा वर्षांपर्यंत, आणि त्यात इजा झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ३०२ आणि ३०७ हेच आकडे आहेत. गुन्हे तेच, आकडे बदलले. सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी हल्ला केला तर कलम १३२, दोन वर्षांपर्यंत. त्यात दुखापत झाली तर कलम १२१ खाली पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत असेल तर किमान एक आणि जास्तीत जास्त दहा वर्षं. सोबत आलेल्या पण स्वतः घोडा न दाबलेल्या माणसाला समान इराद्याचं कलम ३(५) लागतं. पाच किंवा जास्त माणसांचा जमाव असेल तर कलम १९०. ‘मी नुसता गाडी चालवत होतो’ म्हणणारा या दोन कलमांत अडकतो.

यात एक बारकावा वकील सोडून फारसं कुणी सांगत नाही. समोरचा माणूस पोलीस आहे हे झाडणाऱ्याला ठाऊक होतं का? सरकारी नोकर आपल्या अधिकारात, चांगल्या हेतूनं काम करत असेल आणि त्या कामातून जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती नसेल, तर त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही, असं कलम ३७ म्हणतं. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय, की तो सरकारी नोकर आहे हे माहीत नसेल आणि तसं वाटायला कारणही नसेल, तर हक्क शाबूत राहतो.

आता डोळ्यांसमोर आणा. खानापूर तालुक्यातली वाडी, रात्रीचे दोन, लाईट गेलेली. परराज्याची नंबर प्लेट असलेल्या गाडीतून साध्या कपड्यांतली पाच माणसं उतरतात आणि दार ठोठावतात. भाषा कळत नाही. घरात रानडुकरांसाठी ठेवलेली बंदूक. दरोडेखोर समजून कुणी घोडा ओढला, तर खटला भलत्याच वळणावर जातो आणि पोलीस हकनाक जखमी होतो. म्हणूनच बाहेरच्या पथकानं आधी स्थानिक ठाण्यात जाऊन नोंद करायची, तिथला गणवेशातला एक शिपाई सोबत घ्यायचा, ओळखपत्र बाहेर काढायचं आणि स्थानिक भाषा बोलणाऱ्यानं हाक मारायची, ही पद्धत आहे. परराज्यातल्या अटकेबाबत दिल्ली उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये जवळपास हेच नियम घालून दिले. तो निकाल कर्नाटकावर बंधनकारक नसला तरी बचावाचा वकील त्यावर बोट ठेवतोच. खबर फुटेल या भीतीनं पथकं कधी स्थानिक ठाणं टाळतात. बिकरूचा अनुभव पाहता ती भीती खोटी म्हणता येत नाही. पण त्यावर उपाय म्हणजे ठाण्याच्या वरच्या अधिकाऱ्याला सांगणं. कुणालाच न सांगता जाणं हा उपाय नव्हे.

बंदूक कुणाची, परवाना कुठला

सीमाभागात बंदूक म्हणजे बहुतेकदा शेतकऱ्याची छऱ्यांची बारा बोअर किंवा तोंडातून दारू ठासून भरायची ठासणीची. खानापूर, चंदगड, आजरा या पट्ट्यात गवे आणि रानडुकरं पीक तुडवतात, म्हणून पीकरक्षणाचे परवाने आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ अशा परवान्यांना वाट देतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली.

परवान्यावर एक ओळ असते ती फार कमी लोक वाचतात: तो कुठल्या क्षेत्रापुरता आहे. कर्नाटकापुरता परवाना घेऊन मळ्याचा पलीकडचा तुकडा राखायला चंदगडच्या हद्दीत बंदूक नेली, तर त्या क्षणी ती विनापरवाना ठरते. घर एका राज्यात आणि शेत दुसऱ्यात, ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे, म्हणून आधी डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसमधून क्षेत्र वाढवून घ्यावं. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणं हाही आता वेगळा गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परवान्याशिवाय बंदूक सापडली तर साधारणपणे किमान दोन आणि कमाल पाच वर्षं. ती वापरून गुन्हा केला तर कलम २७ खाली तीन ते सात. प्रतिबंधित शस्त्र वापरलं तर किमान सात, वर जन्मठेपेपर्यंत. आणि पोलिसाच्या हातातलं शस्त्र जबरदस्तीनं हिसकावलं, तर एकट्या त्याच कृत्याला किमान दहा वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ही तरतूद २०१९ ची. झटापटीत पोलिसाच्या पिस्तुलाला हात घालणाऱ्याला तिची कल्पना नसते.

विनापरवाना बंदुकीचा खटला कोसळण्याचं एक अगदी साधं कारण आहे. कलम ३ च्या गुन्ह्यासाठी कलम ३९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्याची, म्हणजे आपल्याकडे डीसींची, पूर्वमंजुरी लागते. तपास अधिकारी खुनाच्या प्रयत्नात गुंतलेला असतो, मंजुरीचा प्रस्ताव टेबलावर राहतो, आणि दोषारोपपत्र मंजुरीविनाच जातं. किंवा मंजुरी येते पण डीसींसमोर बंदूक आणि तिच्या तपासणीचा अहवाल ठेवलेलाच नसतो. बचाव पक्ष मग म्हणतो, डोळे झाकून सही केली.

पाठलाग हद्दीवर थांबत नाही

कर्नाटकातल्या कोगनोळीच्या टोलनाक्यावरून सुटलेली गाडी काही मिनिटांत महाराष्ट्रातल्या कागलच्या हद्दीत असते. कर्नाटकच्या पोलिसानं ब्रेक मारायचा का? मुळीच नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४५ म्हणतं, वॉरंटशिवाय ज्याला अटक करता येते, अशा माणसाचा भारतात कुठंही पाठलाग करता येतो. कागलला पकडलं तर पुढचा हिशेब तासांचा. चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं. परराज्यातून आणायचं असेल तर सहसा जवळच्या कोर्टातून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला दुसऱ्या राज्यात नेण्याची परवानगी, घेतात. प्रवासाला लागणारा वेळ चोवीस तासांतून वगळता येतो, पण ‘कागल ते निपाणी सहा तास लागले’ असं लिहिणाऱ्याची कोर्टात फजिती ठरलेली. अटकेची वेळ, ठिकाण आणि कागल ठाण्याच्या डायरीतली नोंद जुळली नाही, तर अटकच संशयाची होते.

राज्याची सीमा पाठलागाला किती महाग पडू शकते हे कर्नाटकाच्याच दक्षिण टोकाला दिसलं. चंदनतस्कर वीरप्पन कर्नाटक आणि तमिळनाडूच्या जंगलात अनेक वर्षं हद्दींचा फायदा घेत फिरला. वन आणि पोलीस अधिकारी हे त्याचं ठरवून केलेलं लक्ष्य होतं. नोव्हेंबर १९९१ मध्ये वनाधिकारी पी. श्रीनिवास यांना शरणागतीच्या बोलण्यानं बोलावून मारलं. १४ ऑगस्ट १९९२ रोजी पोलीस अधीक्षक टी. हरिकृष्ण आणि पीएसआय शकील अहमद खोट्या खबरीवर जाताना दबा धरलेल्या गोळीबारात मारले गेले. दोन्ही राज्यांनी विशेष पथकं उभारली, तरी तो हाती लागला १८ ऑक्टोबर २००४ ला, तमिळनाडूच्या पथकाच्या गोळीनं. श्रीनिवास आणि हरिकृष्ण या दोघांच्या बाबतीत आमिष बातमीचंच होतं. ‘अमुक ठिकाणी या, माल आणि माणूस दोन्ही मिळेल’ अशी खबर आली की ती कुणाकडून, किती हातांतून आणि आत्ताच का आली, हे तीन प्रश्न तपासल्याशिवाय जीप बाहेर काढायची नसते.

जखमी कोल्हापूरला, गुन्हा निपाणीला

कर्नाटकातल्या निपाणीत गोळी लागली तर जखमीला घेऊन गाडी कोल्हापूरकडे धावते. अंतर सुमारे चाळीस किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट लांब. जीव वाचवायला हेच योग्य. १९८९ च्या परमानंद कटारा निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारी असो वा खासगी, डॉक्टरनं पोलिसांच्या कागदासाठी न थांबता तातडीचा उपचार करायचा. रक्त थांबवायला स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरायचं. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या पाचसात सेंटीमीटर वर, सांध्यावर न येईल असा, रुंद पट्टा आवळायचा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. घुसलेली गोळी उकरायची नाही.

दवाखान्यात होणारी नेहमीची चूक म्हणजे शर्ट कापताना कात्री नेमकी गोळीच्या भोकातून चालवणं. भोक सोडून कडेनं कापायचं. कपडा सावलीत वाळवून कागदी पिशवीत घालायचा. प्लास्टिकमध्ये ओलं रक्त कुजतं आणि भोकाच्या कडेची काजळीही खराब होते. तीच काजळी पुढं अंतर सांगते. पिस्तूल अगदी टेकवून किंवा हातभर अंतरावरून झाडलं तर कडेला जळल्याच्या, काजळीच्या आणि दारूच्या न जळलेल्या कणांच्या खुणा राहतात. साधारण मीटरभराच्या पुढं त्या बहुधा दिसत नाहीत. छऱ्यांच्या बंदुकीत छरे किती पसरले यावरून अंदाज बांधतात. ढोबळ हिशेब मीटरला अडीच सेंटीमीटरचा, पण नळीचं तोंड आवळलेलं असेल तर तो चुकतो. म्हणून प्रयोगशाळा त्याच बंदुकीतून, तशाच काडतुसानं बार काढून पाहते.

जखमी बोलण्याच्या अवस्थेत असेल तर जबाब लगेच घ्यायचा, शक्यतो दंडाधिकाऱ्यासमोर. तो पुढं दगावला तर तोच मृत्यूपूर्व जबाब ठरतो. इथं भाषेचा काटा आहे. माणूस मराठीत बोलला, डॉक्टरनं इंग्रजीत मनात घेतलं आणि शिपायानं कन्नडमध्ये लिहिलं, तर कोर्टात पहिला प्रश्न येतो: हे शब्द मृताचे कशावरून? बोलला त्याच भाषेत, त्याच शब्दांत, प्रश्न आणि उत्तर वेगळं लिहायचं. मग खाली भाषांतर. डॉक्टरनं ‘शुद्धीवर आहे’ असा शेरा देणं चांगलं. तो नसला म्हणून जबाब आपोआप बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २००२ मध्ये लक्ष्मण खटल्यात सांगितलं आहे.

कोल्हापुरात मृत्यू झाला तर इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे मृतदेहाचा पंचनामा, तिथले पोलीस करतात. अशा मृत्यूच्या नोंदीला महाराष्ट्रात ‘एडी’ म्हणतात, कर्नाटकात ‘यूडीआर’. शवविच्छेदनात निघालेली गोळी सीलबंद होऊन निपाणीच्या तपास अधिकाऱ्याकडे यायला हवी. ती कुणी, कधी, कुठल्या सीलसह दिली याची पावती दोन्ही ठाण्यांत हवी. दोन राज्यांच्या मध्ये नेमकी हीच पावती गहाळ होते.

पुंगळी

आता सगळ्यांत महत्त्वाची वस्तू, आणि आकारानं सगळ्यांत छोटी. आपोआप भरणारं पिस्तूल प्रत्येक बारानंतर रिकामी पुंगळी बाहेर फेकतं, बहुधा उजवीकडे, काही फुटांवर. रिव्हॉल्व्हर पुंगळ्या पोटातच ठेवतं. मोडून भरायची बारा बोअर उघडल्याशिवाय पुंगळी सोडत नाही. त्यामुळं जागेवर पुंगळी सापडली नाही म्हणजे गोळीच झाडली नाही, असं होत नाही. कुठलं हत्यार होतं ते आधी विचारावं लागतं.

पुंगळीच्या बुडावर फायरिंग पिनचा ठसा उमटतो. कडेला ती ओढणाऱ्या आणि फेकणाऱ्या आकड्यांचे ओरखडे असतात. गोळीच्या अंगावर नळीच्या आतल्या पिळाचे ओरखडे. जप्त हत्यारातून प्रयोगशाळेत बार काढतात आणि दोन्ही पुंगळ्या तुलना सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवतात. गावठी कट्ट्याची नळी पुष्कळदा गुळगुळीत आणि ढिली असते, गोळीवर धड खुणा येत नाहीत. पण त्याची पिन हातानं घासलेली, ओबडधोबड, आणि म्हणूनच तिचा ठसा दुसऱ्या कट्ट्याशी सहसा जुळत नाही. बारा बोअरचे छरे बंदूक सांगू शकत नाहीत, तिची पुंगळी सांगते. धारवाडमध्ये ३० ऑगस्ट २०१५ ला विचारवंत डॉ. एम. एम. कलबुर्गी यांचा आणि बंगळूरमध्ये ५ सप्टेंबर २०१७ ला पत्रकार गौरी लंकेश यांचा खून झाला. दोन्हीकडे ७.६५ मिमीचं एकच पिस्तूल वापरलं गेलं, असा निष्कर्ष न्यायवैद्यक तपासणीत याच खुणांवरून निघाला.

शोधायची रीत जमिनीप्रमाणं बदलते. अथणी, चिकोडीकडे ऊस असतो. पुंगळी पाचटात जाते. शेतकऱ्याला आधी गाठून पाचट पेटवू नको म्हणून सांगायचं आणि दोरीनं चौकोन पाडून हातानं चाळायचं. खानापूर, चंदगडच्या जांभ्या मातीत लोह भरपूर, तिथं मेटल डिटेक्टर उगाच केकाटत राहतो, म्हणून चाळणी बरी. आणि जुलैत तिकडचा पाऊस रात्रभरात सगळं ओढ्यात नेतो. पहिलं काम ताडपत्री.

उचलताना धातूचा चिमटा वापरायचा नाही, त्याचा ओरखडा खुणेवर बसतो. प्रत्येक पुंगळी वेगळ्या डबीत, कापसात. जमिनीवर होती तिथं आकडा लावून, मोजपट्टी ठेवून फोटो. ओळखीची खूण गोळीच्या बुडावर किंवा अंगावर कोरायची नाही, डबीवर लिहायचं. जप्तीचं चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे करायचंच असतं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर यावं, असंही कलम १७६(३) मध्ये आहे. राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांची मुदत दिली आहे.

संशयिताच्या हातावर शिसं, बेरियम आणि अँटिमनीचे सूक्ष्म कण बसतात. काही तासांत ते झडतात, धुतल्यावर तर लगेच. म्हणून स्वॅब लवकर, आणि तोवर हातांना कागदी पिशव्या. ज्या पोलिसानं स्वतः गोळी झाडली त्यानंच बेड्या घातल्या, तर त्याच्या हातावरचे कण आरोपीच्या हाताला लागू शकतात. पकडणारा हात गोळी न झाडलेला असावा, हे पथकात शक्य असेल तर आधीच ठरवावं.

भोक पडलेली जीप गाड्या कमी म्हणून दुसऱ्याच दिवशी गस्तीला जाते आणि कुणीतरी पत्रा ठोकून घेतो. मग गोळी आत येताना वाकलेल्या कडा आणि दोन भोकांतून काठी घालून काढायची दिशा, दोन्ही गेलं. ‘छातीच्या उंचीनं आली’ हे सांगणारा साक्षीदार तीच जीप होती.

पोलिसांनी उलट झाडली तर

कर्नाटकातल्या बातम्यांत ‘महजरसाठी नेलं असता हल्ला केला, पायावर गोळी’ हे वाक्य वाचून वाचून पाठ झालंय. महजर म्हणजे आपला पंचनामा. कायदा असा आहे: फाशी किंवा जन्मठेपेचा आरोप नसलेल्याला अटक करताना ठार मारण्याचा हक्क पोलिसांना नाही, हे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ सांगतं. स्वसंरक्षणाचा हक्क मात्र पोलिसालाही इतरांसारखाच, धोक्याच्या मापात.

सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०१४ ला पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात चकमकीनंतरची सोळा कलमी पद्धत घालून दिली. खबर मिळाली की ती लिहून ठेवायची. चकमकीत मृत्यू झाला की एफआयआर नोंदवायचा. तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं, चकमकीच्या प्रमुखापेक्षा किमान एक पायरी वरच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली करायचा. दंडाधिकाऱ्याची चौकशी होते, मानवी हक्क आयोगाला कळवायचं असतं, आणि पोलिसांनी आपली शस्त्रं तपासणीसाठी जमा करायची असतात. चकमक निःसंशय ठरण्याआधी बढती किंवा शौर्याचं बक्षीस द्यायचं नाही. गंभीर जखमेच्या प्रकरणांनाही हे शक्य तितकं लागू आहे, म्हणजे पायावरच्या गोळीलाही. प्रामाणिकपणे गोळी झाडलेल्या पोलिसाला ही पद्धत जाच वाटते. पण त्याच्या पिस्तुलातली पुंगळी आणि आरोपीच्या कट्ट्यातली पुंगळी दोन वेगळ्या जागी, वेगळ्या पंचांसमोर सापडली, तर तीच त्याची ढाल होते.

जखमेसह खुनाच्या प्रयत्नात दोषारोपपत्राला नव्वद दिवसांची मुदत आहे. ती टळली तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, पुरावा कितीही भक्कम असो. कोल्हापूरचे वैद्यकीय कागद, चंदगडच्या साक्षीदारांचे जबाब आणि बॅलिस्टिकचा, म्हणजे गोळी आणि बंदुकीच्या तपासणीचा, अहवाल असा तिहेरी पत्रव्यवहार असेल, तर हे नव्वद दिवस भराभर सरतात. अहवाल आला नसला तरी दोषारोपपत्र दाखल करून तो मागाहून जोडता येतो. तेवढं करावं.

राहिला साक्षीदार. फिर्याद देणाऱ्याला ती वाचून दाखवायची आणि प्रत फुकट द्यायची, हा नियम आहे. कन्नडमध्ये लिहिली असेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. पोलिसांसमोरच्या साक्षीदाराच्या जबाबावर मात्र सही नसते, घेऊ नये. त्याची सही मागितली तर तो कागद कसला हे विचारावं. पंच म्हणून नाव दिलं असेल तर मागं बसून न राहता जिथं पुंगळी सापडली तिथं स्वतः उभं राहावं, कारण दोनतीन वर्षांनी उलटतपासणीत ‘बोरीच्या झाडापासून किती पावलं?’ हाच प्रश्न येतो. चंदगडच्या साक्षीदाराला कर्नाटकच्या कोर्टाचा समन्स आला तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० मुळं व्हिडिओवरून साक्ष घेण्याची सोय आहे, अर्ज करून मागता येते. आणि साक्ष मराठीत देता येते. ती शक्यतो मराठीतच नोंदली जाते, तसं जमत नसेल तर कोर्टाच्या भाषेत तिचं खरं भाषांतर करून घेतात. सही करण्याआधी ते भाषांतर ऐकून घ्यायचं आणि चुकलं असेल तर तिथंच उभं राहून सांगायचं.